अळंबीचा पत्ता

मी आठ महिने फ्रान्समध्ये राहिलो आणि आयफेल टॉवर न बघताच परत आलो, हे कळल्यापासून आमच्या गल्लीत माझी पत घसरली आहे. शेजारच्या काकूंनी तर पद्माला, म्हणजे माझ्या बायकोला, बाजूला घेऊन विचारलं की हे खरंच तिकडं गेले होते की पुण्यातच कुठं राहून आले. पासपोर्ट दाखवायची माझी तयारी आहे. टॉवर पॅरिसला आहे, आणि मी होतो तिथून पॅरिस हे सोलापूरहून मुंबई आहे त्याहूनही लांब आहे. सोलापूरच्या माणसानं येता-जाता गेटवे ऑफ इंडिया बघावा, अशी अपेक्षा कुणी करत नाही.

मी होतो आल्प्सच्या पायथ्याशी, ग्रेनोबलपासून तासाभरावरच्या एका लहानशा गावात. तिथं जकार्ड बनवणारा कारखाना आहे. जकार्ड म्हणजे मागाच्या डोक्यावर बसून नक्षीसाठी हवे तेवढेच धागे उचलणारं यंत्र. आमच्या टॉवेलच्या मिलनं त्यांच्याकडून नवी यंत्रं घ्यायचं ठरवलं, आणि ती आपल्या सुताला, आपल्या उन्हाला आणि आपल्या कारागिरांना सोसतील अशी करून घ्यायला मेंटेनन्सचा माणूस म्हणून मला पाठवलं. साहेब म्हणाले, तुम्हाला भाषेची काय अडचण, तीन तर येतातच. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि बाजारात दखनी. या तिन्हींचा फ्रान्समध्ये किती उपयोग होतो ते मला विमानतळावरच कळलं.

एप्रिल

कारखान्यात आठ वाजता काम सुरू होतं, असं कागदावर लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात आठ वाजता हात मिळवणं सुरू होतं. आमच्या विभागात मी सोडून बावीस माणसं. येणारा प्रत्येक जण आधी आलेल्या प्रत्येकापाशी जातो, हात मिळवतो, डोळ्यांत बघून बोंजूर म्हणतो आणि मग पुढच्याकडं वळतो. इतक्या आपुलकीनं इतके हात आपल्याकडं फक्त निवडणुकीच्या आधी मिळतात. ज्याचे हात ग्रीसनं भरलेले असतील तो मनगट पुढं करतो, आपण ते धरायचं. एखाद्याला चुकून दुसऱ्यांदा बोंजूर म्हटलं तर त्याचा चेहरा पडतो, कारण तो सकाळी भेटला होता हे तुमच्या लक्षातच राहिलं नाही, असा त्याचा अर्थ होतो. पहिल्या आठवड्यात मी खिशात यादी ठेवून खुणा करत होतो.

पावाच्या दुकानातही तेच. ‘एक पाव द्या’ हे वाक्य मी चांगलं पाठ करून गेलो होतो. दुकानातल्या बाई ‘बोंजूर’ म्हणाल्या आणि माझ्याकडं बघत राहिल्या. मी पुन्हा पाव मागितला. त्या पुन्हा बोंजूर म्हणाल्या. मागं रांग वाढत होती, पण कुणी चुळबुळसुद्धा करत नव्हतं, कारण चूक माझी आहे यावर सगळ्यांचं एकमत होतं. तिसऱ्या खेपेला मी बोंजूर म्हणालो आणि पाव हातात पडला. हे दुकान रोज दुपारी बंद, रविवारी दुपारनंतर बंद आणि सोमवारी अख्खा दिवस बंद. पुण्याला लोक उगाच नावं ठेवतात.

जेवणाची सुट्टी सव्वा तासाची. मी नऊ मिनिटांत जेवतो. मिलमध्ये एक कान मागांच्या आवाजाकडं ठेवून जेवायची सवय, त्याला मी काय करणार. तिथं आधी कच्चं काहीतरी, मग मुख्य जेवण, मग चीज, मग गोड, मग कॉफी, आणि हे सगळं चालू असताना बोलायचं ते कुठल्या तरी दुसऱ्या जेवणाबद्दल. पहिल्या दिवशी मी नऊ मिनिटांत ताट साफ करून उठलो तेव्हा सगळे काळजीत पडले. घरून काही वाईट बातमी आहे का, असं एकानं हलक्या आवाजात विचारलं. मी परत बसलो आणि उरलेला तासभर त्यांच्या तोंडाकडं बघत काढला.

समोर बसायचा तो रोलाँ. जाड मिशीचा, चाळीस वर्षं त्याच कारखान्यात काढलेला फिटर. डिसेंबरात निवृत्त होणार होता, आणि त्याआधी मला शिकवून तयार करायचं काम त्याच्याकडं होतं. वयानं तो आमच्याकडं रोलाँकाका झाला असता, पण तिसऱ्याच दिवशी त्यानं बजावलं की मी त्याला नावानंच हाक मारायची. म्हणून इथंही तो एकेरीतच येणार. यंत्राच्या पत्र्याला कान लावून कुठला हूक अडकतोय ते तो सांगायचा, आणि ते बरोबर निघायचं. बोलायचा कमी. माझ्याशी बोलताना मात्र हळू आणि मोठ्यानं बोलायचा, जणू मला भाषा येत नसून ऐकू येत नव्हतं.

मी सोलापूरहून कडक भाकरीची चळत आणि शेंगाची चटणी नेली होती. एके दिवशी चीज आलं तेव्हा मी भाकरीचा तुकडा मोडून त्यावर चीज ठेवलं आणि वर चटणी भुरभुरली. रोलाँनं एक भाकरी उचलून उजेडासमोर धरली, मोडली, मोडण्याचा आवाज कान देऊन ऐकला आणि मग खाल्ली. ‘हे प्रामाणिक आहे,’ तो म्हणाला. त्या दिवसापासून माझ्या भाकरीतला एक तुकडा रोज त्याचा झाला. परमुलखात पहिला मित्र असा जोडला गेला, याचा मला अजून अभिमान वाटतो.

जून

शनिवार-रविवारी हे लोक डोंगर चढतात. कशासाठी, तर उतरण्यासाठी. खरेदी विभागातल्या सिल्वी नावाच्या बाईंनी कारखान्यातल्या चढणाऱ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता, त्यात एकतीस माणसं होती आणि मला त्यांनी न विचारताच घातलं. पहिल्याच रविवारी आम्ही चार तास चढलो. वर देव कुठला आहे, असं मी वाटेत विचारलं. देव नाहीये, असं कळलं. मग वर आहे काय? दृश्य आहे. आपल्याकडं माणसाला इतकं चढायला लावायचं तर वर किमान एक दीपमाळ आणि नारळवाला तरी हवा. वर एक लोखंडी क्रॉस निघाला. इतकं चढून आल्यावर कुणाला तरी नमस्कार करायलाच हवा, म्हणून मी त्याला केला.

दृश्य होतं, हे कबूल करतो. खाली ढग, ढगांच्या पलीकडं बर्फाची शिखरं, आणि पायाशी पिवळ्या-निळ्या फुलांचं गवत. मी तोंड उघडं ठेवून बघत उभा राहिलो आणि टेकायला म्हणून शेजारच्या बारीक तारेला हात लावला. ती गाईंसाठी वीज सोडलेली तार होती. माझी ओरड ऐकून पलीकडच्या कुरणातला मेंढपाळ धावत आला. मी जिवंत आहे हे बघून तो मेंढ्यांकडं परत गेला, आणि त्याची चालण्याची ढब थेट आमच्या सांगोल्याकडच्या धनगरासारखी होती. एवढ्यावर मला फार बरं वाटलं.

मग डबे निघाले. डबा उघडला की चार हात आत येणार, या अंदाजानं मी पंधरा भाकऱ्या, चटणी आणि कांदा वाहून नेला होता. प्रत्येकानं आपापलं सँडविच काढलं, आपापल्या दगडावर बसून खाल्लं आणि मी भाकरी पुढं केल्यावर ‘आभारी आहे, माझ्याकडं माझं आहे’ असं अत्यंत गोड शब्दांत सांगितलं. त्या पंधरा भाकऱ्या मी परत खाली आणल्या. सोमवारी ही हकीकत ऐकून रोलाँ मिशीत हसला. तो त्या ग्रुपमध्ये नव्हता. घोळक्यानं जायचं तर बसनं जावं, डोंगरावर कशाला, असं त्याचं मत होतं. त्याचे रविवार जंगलात जायचे, आणि तिथं काय करतो ते तो सांगत नव्हता.

जुलै यंत्रांत गेला. ऑगस्टमध्ये सगळे सुट्टीवर जातात आणि तो देश बंद असतो, त्यामुळं ऑगस्टबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

सप्टेंबर

सप्टेंबरात चार दिवस पाऊस पडला आणि मग ऊन आलं. शुक्रवारी आम्ही दोघं यंत्राखाली वाकलेले असताना रोलाँ म्हणाला, ‘रविवारी सातला तयार राहा. बूट जुने घाल.’ बाकी काही नाही.

रविवारी त्याच्या गाडीत मागच्या सीटवर एक वेताची टोपली होती, तिच्यावर जाकीट, आणि जाकिटावर मासे धरायची काठी. मासे धरायला चाललोय का, विचारलं तर नाही म्हणाला. गावाबाहेरच्या चौकाला त्यानं दोन फेऱ्या मारल्या, आरशात मागं बघितलं आणि मग भलत्याच रस्त्याला लागला. गाडी रस्त्याकडेच्या एका क्रॉसपाशी लावली आणि तिथून उलट दिशेनं पाऊण किलोमीटर चालवत नेलं. वाटेत कुत्रं फिरवणारे एक गृहस्थ भेटले. रोलाँनं त्यांना काठी दाखवून यंदा मासे कसे कमी झालेत ते सांगितलं. ते दिसेनासे झाल्यावर आम्ही रस्ता सोडून वर झाडीत शिरलो. हे सगळं बघून मी मनात म्हणालो, बिचाऱ्याचं वय झालं. निवृत्त होतोय तेच बरं.

आत बीच नावाची उंच झाडं होती, खाली शेवाळाचा जाड गालिचा, आणि वास असा की आपल्याकडं विहीर साफ करताना येतो तसा गार आणि मातीचा. रोलाँ गुडघ्यावर बसला आणि पानं बाजूला सारली. खाली तव्यावर नुकत्या भाजलेल्या पावाच्या रंगाची, तळहाताएवढी अळंबी होती. सेप म्हणतात तिला. मग मलाही दिसायला लागल्या. एका झाडाखाली सात, ओंडक्याच्या आडोशाला चार. तो चाकूनं देठ कापायचा, खड्ड्यावर परत पानं ओढायचा, लहान असतील त्या राहू द्यायचा. दोन तासांत टोपली भरली. आपल्याकडं उकिरड्यावर उगवते तिला आपण कुत्र्याची छत्री म्हणून लाथ मारतो, आणि इथं मी तिच्यासमोर गुडघे टेकून बसलो होतो. आनंदाच्या भरात मी फोन काढून बरेच फोटो काढले. रोलाँची माझ्याकडं पाठ होती.

तिथून तो मला घरी घेऊन गेला. त्याची बायको ओदिलबाई स्वयंपाकघरात खुर्चीवर वाट बघत बसल्या होत्या. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि चार वर्षांत त्या वर जंगलात गेल्या नव्हत्या. ती जागा मुळात त्यांनीच शोधलेली, लग्नाच्या पहिल्या वर्षी. रोलाँनं टोपली त्यांच्या मांडीवर ठेवली. त्या एकेक अळंबी उचलायच्या, वास घ्यायच्या, देठाला लागलेली माती बोटानं चोळायच्या आणि विचारायच्या: ही मोठ्या बीचखालची ना? तो म्हणायचा, हो, उत्तरेच्या अंगाची. ही ओंडक्यापाशी? हो, ओंडका आता फार कुजलाय. अशा त्या टोपली संपेपर्यंत जंगलात फिरून आल्या. मग ऑम्लेट झालं. त्याबद्दल मी काही लिहीत नाही, वाचणाऱ्याला तसं काही मिळणार नसताना जळवण्यात अर्थ नाही.

त्या दुपारी खोलीवर येऊन मी टोपलीचा फोटो सोलापूरच्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला. मिनिटाभरात कुंभारीच्या सिद्रामचं उत्तर आलं, ‘आरं कुटं हाय ते? लोकेशन टाक की.’ सोलापुरात चांगली वस्तू मिळाली आणि पत्ता दिला नाही, तर त्याला माणसात धरत नाहीत. आमच्याकडं पत्ता विचारला तर सांगणारा हातातलं काम टाकून गाडीवर मागं बसतो आणि दारापर्यंत सोडायला येतो. मी लोकेशन टाकलं. मग विचार केला, सिद्राम तर काही कुंभारीहून अळंबी खुडायला येणार नाही. ज्यांना खरोखर जाता येईल अशी एकतीस माणसं तर इथंच आहेत. बिचारे देव नसलेले डोंगर चढतात, सुकं सँडविच खातात, आणि एवढा खजिना शेजारी असल्याचं त्यांना माहीतच नाही.

मी सिल्वीबाईंच्या ग्रुपवर फोटो टाकला, नकाशावरची खूण टाकली, आणि खाली फोनकडून भाषांतर करून घेऊन संपूर्ण पत्ता लिहिला. गाडी कुठं लावायची, डावीकडं कुठं वळायचं, ओंडका कसा ओळखायचा. शेवटी ‘आपला नम्र’ वगैरेही घातलं. आठ महिन्यांतलं ते माझं सर्वांत शुद्ध फ्रेंच असेल. उत्तरादाखल एकामागून एक अंगठे आले. शब्द एकही नाही. एका चीजवर तासभर बोलणारे लोक गप्प का, असा प्रश्न मला पडायला हवा होता.

ऑक्टोबर

पुढच्या रविवारी रोलाँ गेला तेव्हा क्रॉसपाशी अकरा गाड्या उभ्या होत्या. कुणाचे मेहुणे, कुणाचे साडू, थेट लियाँहून आलेलं एक कुटुंब. काहींनी बागेतली दाताळी आणली होती आणि शेवाळ खरवडून काढलं होतं. सिल्वीबाईंची टोपली भरली होती. त्यांनीच रोलाँला फोनवर माझा मजकूर दाखवला आणि म्हणाल्या की तुझ्या भारतीय मित्राचं मन किती मोठं आहे बघ.

सोमवारी सकाळी तो कॉफीच्या यंत्रापाशी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. ‘माझ्या भावाला ती जागा माहीत नाही,’ तो म्हणाला. ‘माझ्या मुलीला मी मरताना सांगणार होतो.’

मी म्हणालो की तू कुणाला सांगू नको असं म्हणाला नव्हतास.

‘हे सांगावं लागतं?’

एवढं बोलून तो गेला. मी तो मजकूर ग्रुपवरून काढून टाकला. तोवर एकतीस जणांना तो तोंडपाठ झाला होता. मग मला चौकाच्या दोन फेऱ्या आठवल्या, मासे धरायची काठी आठवली, आणि त्याच्या वयाबद्दल मी केलेला विचार आठवला. इतका मोठा मूर्ख आमच्या घराण्यात याआधी झाला नसावा. वेडा मी, आणि म्हातारा झाला म्हणून कीव त्याची केली होती.

त्यानंतर तो मला शिकवत राहिला. कामात तसूभर कसूर नाही. कुठला हूक, कुठली स्प्रिंग, किती ताण, सगळं पूर्वीइतकंच नीट. पण सकाळी आठ वाजता, एकही यंत्र सुरू झालेलं नसताना, त्याचे हात ग्रीसनं भरलेले असायचे. इतर एकवीस जणांसाठी ते कोरडे असायचे. माझ्यापुढं मनगट यायचं. मी ते धरून बोंजूर म्हणायचो. जेवताना तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसायला लागला. घरून पार्सलनं आलेली भाकरी माझ्याकडं होती, खाल्ली मात्र जात नव्हती. गंमत अशी की इतर लोक माझ्याशी नेहमीपेक्षा गोड वागत होते. जागा मिळाल्याबद्दल आतून खूश, आणि जागा फोडणारा माणूस म्हणून मनातून माझ्यापासून चार हात लांब. आपल्या जागा कुणी मला दाखवल्या नाहीत.

तीन आठवडे मी हे सोसलं. मग एका शनिवारी रोलाँ बाजारात गेलेला बघून त्याच्या घरी गेलो. ओदिलबाईंनी दार उघडलं. मी आधी बोंजूर म्हणालो, तेवढं शिकलो होतो. माफी मागायचं वाक्य मी नीट जुळवून नेलं होतं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

‘तो आता बाजारातली आणतो,’ त्या म्हणाल्या. ‘धुतलेली. मी विचारते, कुठली? तो म्हणतो, दुकानातली.’

मला खरंच रडायला येत होतं आणि रडण्यासाठी लागणारं फ्रेंच मला येत नव्हतं. त्यांनी मला बसवलं, कॉफी दिली आणि सांगितलं की माफी मागायला जाऊ नकोस, बोललेलं त्याला आवडत नाही. हल्ली दर रविवारी तो सकाळी वर जातो, रिकाम्या हातानं येतो आणि त्याच्या नखांत शेवाळ असतं. तुझ्याकडं हातमोजे आहेत का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो.

नोव्हेंबरचा पहिला रविवार

रविवारी त्या गावात बस नसते. मी सायकल घेतली. नऊ किलोमीटर आणि सगळा चढ, सोलापूरच्या सपाटीवर वाढलेल्या पायांना तो रविवार अजून आठवतो. कुठून वळलो ते लिहीत नाही.

रोलाँ गुडघ्यांवर बसून दाताळ्यांनी उपटलेलं शेवाळ तुकड्या-तुकड्यानं परत जमिनीवर बसवत होता. उघड्या मुळांवर पानं ओढत होता. त्यानं मला बघितलं आणि पुन्हा कामाला लागला. मी हातमोजे चढवून पाच हातांवर बसलो. माझे वडील मागावर तुटलेले धागे जोडायचे, एकेक शोधून, गाठ मारून, न कंटाळता. तसंच ते काम होतं. अडीच तासांत आम्ही एक शब्द बोललो नाही. मग त्यानं बोटानं खूण केली. ओंडक्याच्या मागं, कुणाच्याच नजरेला न पडलेली, अंगठ्याएवढी एक अळंबी वर आली होती. त्यानं तिच्यावर हलक्या हातानं पानं पसरली.

तेवढ्यात खालून आवाज आले. एक जोडपं, चाळिशीतलं, डोक्यावर टोप्या आणि हातात टोपल्या. रोलाँ एकदम झाडामागं खाली झाला. मी मात्र मधोमध हातमोजे घालून बसलेलो, लपायला जागाच नाही. त्यांनी बोंजूर म्हटलं, मीही म्हटलं. इथं काही मिळतंय का, त्यांनी हसून विचारलं.

मी म्हणालो, इथं काहीच नाही. बायकोचं कानातलं पडलंय, सकाळपासून शोधतोय.

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं ते मला माहीत नाही. अडचण अशी झाली की ती माणसं भली निघाली. बाईंनी चक्क टोपली खाली ठेवली आणि म्हणाल्या, एकट्यापेक्षा चौघांचे डोळे बरे, म्हणजे झाडामागचा रोलाँही त्यांना दिसला होता. दोघं वाकून शोधायला लागले. गृहस्थ नेमके ओंडक्याकडं सरकत होते. त्यांचा हात त्या पानांपासून वीतभर राहिला असताना मी मूठ आवळून वर धरली आणि सापडलं म्हणालो. त्यांनी टाळ्या वाजवल्या. दागिना बघायला मिळावा अशी त्यांची इच्छा दिसली, पण मी तो घाईनं खिशात घातला. मग एवढ्या मदतीची परतफेड म्हणून मी त्यांना अळंबीची खरी जागा सांगितली. रस्त्याच्या पलीकडचा डोंगर, गाईंच्या पाण्याच्या हौदावरून सरळ वर, दोन तास चढायचं, मध्ये थांबायचं नाही. हातवारे करून, वळणं मोजून, अगदी सोलापुरी पद्धतीनं. माझे आभार मानून ती दोघं गेली.

पावलं लांब गेल्यावर रोलाँ म्हणाला, ‘तिकडं काहीच उगवत नाही.’

मी म्हणालो, ‘माहीत आहे.’

‘चढ फार वाईट आहे.’

‘तेही माहीत आहे.’

त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं खोकतोय, पण तो हसत होता, झाडाला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग त्यानं हात विजारीला पुसून कोरडा केला आणि गुडघा धरलाय म्हणून उठवायला हात पुढं केला. मी तो धरून त्याला उभं केलं. तिथं पुन्हा पूर्वीसारखी अळंबी धरायला किती वर्षं लागतील ते सांगता येत नाही, तो म्हणाला, कदाचित धरणारही नाही. माझी सायकल त्यानं गाडीत मागं टाकली. घरी पोचल्यावर ओदिलबाईंनी रिकामी टोपली मांडीवर घेतली आणि विचारलं, मोठ्या बीचखाली काय? तो खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसला आणि सांगायला लागला.

सोलापूर

नोव्हेंबर संपता संपता मी परतलो. यंत्रं आता आमच्या मिलमध्ये उभी आहेत आणि बरी चालतात. नवीन पोरांना मी पत्र्याला कान लावून ऐकायला शिकवतो, ते माझ्यामागं मला हसतात.

परतून वर्ष होत आलं. गेल्या महिन्यात, ऑक्टोबरात, रोलाँचा फोटो आला. सोबत मजकूर नाही. ओदिलबाईंची मांडी, टोपली, टोपलीत तीन अळंब्या, त्यातल्या एकीच्या देठाला काळी माती. मागं झाड नाही, भिंत नाही, खिडकी नाही, काहीही ओळखू येऊ नये असा अगदी जवळून काढलेला फोटो. मी तो बराच वेळ बघत बसलो. सिद्रामच्या ग्रुपवर टाकला नाही.

पद्मानं चहा आणून ठेवला आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं.

‘कुठलं ओ हे?’

‘फ्रान्सचं.’

‘ते दिसतंय की. फ्रान्समध्ये कुठं?’

आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तिच्यापासून पगार लपवला नाही, आजारपण लपवलं नाही, विजेच्या तारेला हात लावल्याचंसुद्धा त्याच दिवशी फोन करून सांगितलं. मी म्हणालो, आठवत नाही. तिला ते खोटं आहे हे तेव्हाच कळलं, आणि तिनं पुन्हा विचारलं नाही.